कोपऱ्यातला घास

खाऱ्या पाण्याची काचपेटी आणि केशरी माशांची जोडी दर्पण कॉलनीतल्या घरी पोचवताना टोपी बाजारातला दुकानदार अवंतिकेला म्हणाला होता, "एनिमोन के बिना भी रह लेंगी, दीदी." म्हणून समुद्रात हे मासे ज्या फुलासारख्या, डंख मारणाऱ्या जिवाच्या कुशीत राहतात, तो एनिमोन तिने आणलाच नाही.

जोडीने पेटीचा डावा कोपरा धरला. तिथे काच, वाळू आणि पाणी, बाकी काही नव्हतं. तरी दोघं तिथे अंग घासत बसायचे आणि पहिला दाणा स्वतः न खाता तिथेच नेऊन सोडायचे.

"नैवेद्य दाखवतात गं," सासूबाई कौतुकाने म्हणायच्या.

अवंतिकेला कौतुक वाटेना. सोडलेला दाणा खाली वाळूवर कधी पडायचाच नाही.

संकष्टीच्या संध्याकाळी कोपरा मोकळा होता. मासे समोरच्या काचेशी येऊन तिच्याकडे पाहत होते. तिला जरा हायसं वाटलं. तिने दाणे टाकले आणि कोपऱ्यातलं शेवाळ पुसायला हात पाण्यात घातला.

मासे तिच्या मनगटाला अंग घासू लागले. मग मोठ्या माशाने तोंडातला दाणा तिच्या तळहातावर ठेवला.

तिने घाईने तळहात उलटा केला. दाणा पडला नाही.

"चंद्रोदयाला वेळ आहे अजून," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "फार भूक लागलीय का गं?"

दुसरा मासा दाणा घेऊन येत होता, आणि दिवसभर अवंतिकेच्या पोटात ओरडणारे कावळे गप्प झाले होते.