पूलकाकांचा पर्याय

"काका, शेवटचा परिच्छेद कुठाय?" संपादक बाईंनी विचारलं.

पूलकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. परिच्छेद सगळे जागच्या जागी होते. एकूण सात, आणि सातही सरकारला झोडपणारे. पण बाईंना आठवा हवा होता. वर्तमानपत्राचा नवा नियम होता तो. परराष्ट्र धोरणावर टीका करायची, तर शेवटी आपला पर्यायही लिहायचा. तुमचे लेखक नुसतं तोंड वाजवतात, अशी वाचकांची पत्रं येत होती.

काकांचं डोकंच फिरलं. ज्याचा दात दुखतो त्यानं काय दंतवैद्य व्हायचं? दुखतंय म्हणून ओरडायचं, एवढंच त्याचं काम. उपाय शोधायला सरकारनं पगारी माणसं ठेवली आहेत. बाई एकेकाळी काकांच्याच हाताखाली शिकल्या होत्या, म्हणून त्यांनी हे सगळं निमूट ऐकून घेतलं.

"कुठला दात एवढं तरी सांगाल की नाही?" त्या म्हणाल्या. "नाहीतर सदर बंद करावं लागेल, काका. माझा नाइलाज आहे."

काकांना पूलकाका हे नाव या सदरानंच दिलं होतं. नदीच्या पलीकडे शेजारचा देश. मध्ये एक पूल. कुठल्याशा चकमकीनंतर सरकारनं तो बंद केला, टपाल तोडलं, फोन तोडले. त्याला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं काका दर आठवड्याला त्यावर लिहीत होते. माझा धाकटा भाऊ पलीकडे आहे, या सरकारनं आमची ताटातूट केली, हे ते लिफ्टवाल्याला सांगत, बँकेतल्या मुलीला सांगत, रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसालाही सांगत. दुसरं सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच. लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात जेवण ओट्यापाशी उभ्यानंच उरकायचं. छापून आलेला लेख मोठ्यानं वाचायचा, तेवढाच घरात आवाज.

पर्याय लिहायला काकांना दोन दिवस लागले. महिन्याचा पहिला रविवार पूल उघडा ठेवावा. साठीच्या पुढच्या माणसांना रक्ताच्या नातेवाइकांना भेटू द्यावं. संध्याकाळी परत. आणि नको असलेल्या माणसाची भेट कुणाच्या गळ्यात पडू नये, म्हणून दोघांनीही एकमेकांची नावं नोंदवलेली असावीत. हे शेवटचं कलम सुचलं तेव्हा काका स्वतःवर भलतेच खूश झाले. याला म्हणतात बारीक विचार!

आणि काय गंमत, सरकारनं ते जसंच्या तसं उचललं. सरकारला कुठूनतरी माघार घ्यायचीच होती, काकांचा परिच्छेद आयता हाती लागला. कचेरीत टाळ्या वाजल्या. बाईंनी त्यांच्या खुर्चीपाशी येऊन त्यांचा हात धरला. काकांनी नोंदणी सुरू झाली त्याच सकाळी अर्ज भरला आणि येताना एक नवी उशी घेतली. माणूस संध्याकाळी परत जाणार होता. तरी दुपारी जरा आडवा होईल, असा हिशेब. दुकानदारानं विचारलंही नव्हतं, तरी त्याला सांगितलं, "भाऊ येतोय माझा."

तीन आठवडे ते आरशासमोर बोलायची तयारी करत होते. पहिलं वाक्य काही केल्या जमेना. भाऊ सदुसष्ट वर्षांचा, आता भेट झाली नाही तर कधी? यादी लागली. त्यात काकांचं नाव नव्हतं.

ते तडक पुलाजवळच्या कचेरीत गेले. खिडकीत मध्यम वयाची एक कारकून बाई बसली होती. तिनं पलीकडून आलेले कागद चाळले. भाऊ सापडला. हयात होता, नोंदणीही केली होती. पण त्यानं चुलत बहिणीचं नाव दिलं होतं. तेवढंच.

काकांनी तो कागद मागून स्वतः वाचून पाहिला. मग त्यांना नेहमीचा सूर सापडला. माणशी एकच नाव घेत असणार तुम्ही लोक! चांगल्या कल्पनेची वाट कशी लावावी, हे या सरकारकडून शिकावं. त्या बिचाऱ्याला दोन नावं द्यायची असतील, तुमच्या नियमानं त्याचा हात धरला.

"तसा नियम नाही, काका. हवी तेवढी नावं देता येतात," ती म्हणाली. "एकानं तर चौदा दिलीत."

मग मुदत कमी दिली असेल. मग पलीकडच्या अधिकाऱ्यांनी फॉर्म नीट समजावला नसेल. काका बोलत सुटले, मागची रांग चुळबुळ करू लागली. शेवटी ते म्हणाले, मला तक्रार नोंदवायची आहे, लेखी. तिनं न कुरकुरता तक्रारीचा कागद पुढे ओढला आणि एकेक रकाना विचारून भरू लागली. नाव. वय. नातं. भावाची शेवटची भेट कधी झाली?

काकांनी वर्ष सांगितलं. आई गेली ते वर्ष. भाऊ त्याच वर्षी घर सोडून पलीकडे राहायला गेला होता.

तिनं ते लिहिलं. मग पेन तसंच धरून तिनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कुत्सितपणा अजिबात नव्हता. कागद पुरा भरायचा, एवढीच तिची काळजी होती.

"त्यानंतर अकरा वर्षं पूल उघडाच होता, काका," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही का नाही गेलात?"