कानात सांगितलेलं वजन

"वजन करायचं नाही. दृष्ट लागते," म्हणत भागूआजीने नातवाला पदराखाली घेतलं. अंगणवाडीच्या काट्यापासून ती तिसऱ्या महिन्यातही चार हात लांबच उभी राहिली.

सेविका कुंदाताईंच्या जिवाला घोर लागला होता. जुलाबाने खंगलेलं पोर सावरतंय की नाही, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. आज त्या घरून काजळाची डबी घेऊनच आल्या होत्या. त्यांनी पोराच्या गालाला तीट लावली आणि एक ठिपका काट्यालाही दिला. "आकडा मोठ्याने बोलणार नाही, आजी. तुमच्या एकटीच्या कानात सांगते."

आजीने कुरकुरत पोर काट्याच्या झोळीत ठेवलं. ताईंनी काटा दोनदा पाहिला, मग त्या आजीच्या कानाशी लागल्या. "नऊ किलो दोनशे. जुलाबात दवाखान्यात केलेल्या वजनापेक्षा सव्वा किलोने वाढलाय."

आजी नातवाला कडेवर घेऊन निघून गेली.

दुपारी अंगणवाडीला कुलूप लावून ताई घरी निघाल्या, तर गिरणीवाल्याने हाक मारली. "भागूआजीचा नातू नऊ किलो दोनशे झाला म्हणे?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आजीनेच. पण कोणाला बोलू नका म्हणालीय."