कडेची जागा

आईच्या वाढदिवसाला घरचे सगळे हॉलमध्ये बसायचे आणि मुलगा कॅमेरा घेऊन मागे मागे सरकत थेट समोरच्या काकांच्या घरात, त्यांच्या भिंतीला टेकायचा. तेव्हा कुठे सगळे फोटोत मावायचे.

यंदा कॅमेऱ्याच्या दुकानदाराने सांगितलं, "तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान. अठरा एमएमची लेन्स पुरणार नाही, दहाची घ्या, हॉलमधूनच सगळे मावतील. कडेचा माणूस तेवढा जाड दिसेल."

मुलाने लेन्स घेतली, पण जाड दिसण्याचं घरी सांगायला नको होतं. सगळे मध्येच दाटीवाटीने बसले, कडेला कुणी जाईना.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. एकटे राहणारे, अंगाने काटकुळे काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. "ये रे, भिंतीजवळची खुर्ची सरकवून ठेवलीय."

मुलाने कॅमेरा पाठीमागे धरला. आईच म्हणाली, "ती खुर्ची घेऊन इकडेच या भाऊजी. कडेला बसायला आमच्यात कुणी तयार नाही."