बटण नसलेला दिवा

"या दिव्याचं बटण कुठंय, अज्जा?" वीज खात्याच्या बसवराजनं ओसरीच्या भिंतीवर हात फिरवत विचारलं.

"बटण नाहीच," गणपय्या हेगडे म्हणाले. "विझवायचाच नाही, तर बटण कशाला?"

बसवराजला हसू आलं. तो मैदानी मुलखातला माणूस. त्याच्या घरी दिवे चालू ठेवले म्हणून पोरं बोलणी खायची. मलनाडच्या डोंगरातल्या या घरात सगळं उलटं. सुपारीच्या बागेमागं, ओढ्यावर गणपय्यांनी लहानसं जनित्र बसवलं होतं आणि त्याची वीज सतत कशात तरी खर्चावी लागायची. दिवे बंद केले की चाक मोकाट सुटायचं आणि उरलेले दिवे जाळून टाकायचं. "दिवा कुणी मालवला रे?" अशी गणपय्यांच्या बायकोची, नागवेणीची हाक आली की मुलं माळ्यावर पळून जायची.

उन्हाळ्यात ओढा बारीक झाला की ओसरीचा दिवा पिवळा पडायचा, पण विझायचा नाही. सुपारी उतरली की दरीपलीकडच्या वाडीतली माणसं याच दिव्याखाली सोलायला बसायची. पुढं वाडीत विजेचे खांब आले, तरी तिथली वीज सारखी जायची, म्हणून माणसं इकडंच येत राहिली. मधोमध नागवेणी कषायाचं, धणे-जिऱ्याच्या गरम काढ्याचं भांडं घेऊन बसायची आणि एकेकाची टोपी उडवायची. वाडीतल्या चौडप्पाची तर रोजच. ते दिवस आठवले की गणपय्यांना अजून हसू फुटायचं, आणि मग घर फार मोठं वाटायला लागायचं.

बेंगळुरूची लेक विनोदा फोनवर मागंच लागली होती. "अप्पा, पावसाळ्यात तुमची निम्मी वीज वाया जाते. ती खांबावरच्या तारेत सोडा, उन्हाळ्यात परत घ्या." नागवेणी गेल्यापासून गणपय्या कुणाशी फारसा वाद घालत नसत. त्यांनी हो म्हटलं.

बसवराजनं भिंतीवर पेटी ठोकली, तारा जोडल्या आणि मीटरकडं बोट दाखवलं. "बघा, बाण उलटा फिरला. तुमच्या ओढ्याचा उजेड आता वाडीत चाललाय." गणपय्या पोरासारखे वाकून बघत राहिले. "आणि एक ध्यानात ठेवा," बसवराज म्हणाला, "खांबावरची लाइट गेली की ही पेटी तुमची लाइटपण बंद करणार. नाहीतर तारेवर चढलेला आमचा माणूस जागीच जायचा. तेवढा वेळ तुमची वीज न्हाणीघरातल्या हंड्यात जाईल, पाणी तापवील."

"बरं, बरं," गणपय्या म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष त्या बाणाकडं होतं.

बसवराज कषाय पिऊन गेला. अंधार पडला आणि थोड्याच वेळात ओसरीचा दिवा गेला.

गणपय्या सवयीनं उठले. चाकाकडं पाणी जातं तिथल्या जाळीत पानं अडकली असणार, दुसरं काय. पायाखालची वाट होती, बॅटरीसुद्धा न घेता ते ओढ्यावर उतरले. जाळी चाचपली. स्वच्छ होती. पुन्हा चाचपली. चाक नेहमीसारखं फिरत होतं. मग त्यांना पेटी आठवली आणि स्वतःचाच राग आला.

त्यांनी वळून पाहिलं. घर दिसतच नव्हतं. असं एकदाच झालं होतं, नागवेणी गेली त्या रात्री. तो उजेड त्यांना सोसवेना, म्हणून त्यांनी स्वतः खाली येऊन पाणी बंद केलं होतं. कुणाला निरोप धाडला नव्हता, तरी वाडीनं अंधार पाहिला आणि अख्खी वाडी चढ चढून आली. पुढं चौडप्पा होता, खांद्यावर कुऱ्हाड घेऊन. चितेसाठी आंब्याचं झाड त्यानंच पाडलं.

दरीपलीकडं आज चारदोन बॅटऱ्या पेटल्या. उतरल्या, ओढा ओलांडून घराच्या चढाला लागल्या. कुणी बोलत नव्हतं. माणसं भराभरा चालत होती. ती कशासाठी निघालीत हे गणपय्यांना जरा उशिरानंच कळलं.

"चौडप्पा!" त्यांनी हाक मारली. "अरे, मी इकडं आहे, ओढ्यावर!"

बॅटऱ्या थांबल्या. एकीचा झोत त्यांच्या तोंडावर आला आणि बराच वेळ हलला नाही.

"हेगडे? तुम्ही... बरे आहात?"

"मला काय धाड भरलीय? लाइट गेलीय."

"लाइट आमची जाते!" चौडप्पा संतापून ओरडला. "तुमची कशी जाईल?" त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. दुसऱ्या खांद्यावर कुऱ्हाड होती. गणपय्यांनी ती पाहिलेली त्याच्या लक्षात आलं, तशी त्यानं ती पाठीमागं लपवली.

गणपय्यांना हसू आवरेना. सगळे वर घराशी आले, तर न्हाणीघरात हंडा खदखदत होता.

"पाणी तापलंय," गणपय्या म्हणाले. "मयताला आलात, आता आंघोळ करूनच जा."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. चौडप्पा हसला नाही. गणपय्यांनी अंधारातच त्याला पेटी दाखवली, खांब, तार, सगळं समजावलं.

"म्हणजे वाडीत अंधार झाला की इथंही अंधार?"

"हो."

"आणि तुमचं काही झालं, तरी दिवा आपला जळतच राहणार? तेव्हा पाणी बंद करायला कोण जाणार आहे?"

 हे गणपय्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हणजे आता रोज चढ चढून बघायला यायचं," चौडप्पा कुरकुरला. त्यानं कुऱ्हाड पायरीखाली सरकवली, ओसरीच्या कडेला बसला आणि म्हणाला, "कषाय टाका."