दुसरी नळी

मालदीवच्या समुद्रात, पाण्याखाली प्रवाळांच्या भिंतीपाशी, निरंजननं गळ्यावरून आडवा हात फिरवला. त्याच्या टाकीतली हवा संपली होती. गाइड कासवामागे पुढे गेलेला. ऋजुतानं शिकवल्याप्रमाणे आपल्या टाकीची जास्तीची नळी झटकन नवऱ्यापुढे धरली.

त्यानं ती घेतलीच नाही. थेट तिच्या तोंडातली नळी हिसकावून स्वतःच्या तोंडात खुपसली. धक्क्यानं दुसरी नळीही तिच्या हातून सुटली. नाकातोंडात खारं पाणी गेलं. ती जवळ सरकली, तर त्यानं गुडघा तिच्या छातीत रोवला. काचेआडचे त्याचे डोळे तिच्यावरच रोखलेले होते. गाइड मागे वळला, म्हणून ती वाचली.

होडीत ती टॉवेल गुंडाळून बसली. जिवाच्या भीतीनं माणूस काहीही करतो; एकदा 'चुकलो' म्हणाला की विसरून जाऊ, असं तिनं ठरवलं.

संध्याकाळी त्यानं ऋजुताच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. "तुमची लेक घाबरून गटांगळ्या खात होती. माझ्या तोंडातली नळी दिली, तेव्हा वाचली!"

"जावईबापू, देवासारखे धावलात हो," आईनं डोळे पुसले. "घरी या, दृष्ट काढते तुमची."

ऋजुता फोन ओढून घेऊन बाल्कनीत गेली. "खोटं आहे हे, आई. यानंच माझी नळी हिसकावली. मला ढकललं."



"हिसकावली असेल," आई हलकेच म्हणाली. "पण वाचलीस ना? मग हे कुणाजवळ बोलू नकोस. आता फोन दे त्यांच्याकडे. मघाशी मी नीट आभारच मानले नाहीत."