आत्याने निवडलेला प्रोसेसर

दोन प्रोसेसरमधला कुठला घ्यावा यात भाच्याने तीन आठवडे घालवले होते, आणि या शनिवारीही गाडी तिथेच अडली होती. एक जरा सावकाश, दुसरा आठ कोअरचा, म्हणजे एका वेळी आठ कामं उरकणारा, वेगवान. किंमत सारखीच. कॉम्प्युटर घरी स्वतःच्या हाताने जोडायचा, तर चूक व्हायला नको, आणि झालीच तर ती आपली असायला नको, असा त्याचा स्वभाव होता.

"आत्या, तूच सांग," दुकानाची यादी तिच्यापुढे सरकवत तो म्हणाला.

आत्या निळ्या पेन्सिलीने शब्दकोडं सोडवत होती. सहा महिन्यांपूर्वी तिच्या घरी दूध गॅसवर राहिलं, तेव्हापासून ती इथे होती. वाट विसरशील म्हणून दाराला कुलूप, आणि किल्ली भाच्याच्या गळ्यात. फोनही त्याच्याकडेच. सोमवारी तिचं घर विकलं जाणार होतं. सही केली नाहीस तर डोकं ठिकाणावर नसल्याचा दाखला आणीन, हे त्याने अगदी गोडीत सांगितलं होतं. तिला फक्त आपल्या घरी जायचं होतं. तसं म्हणून म्हणून ती थकली आणि मग गप्प झाली.

तिने भिंग लावून यादी वाचली. बराच वेळ वाचली.

"आठवाला घे," ती म्हणाली. "हात जास्त तेवढं बरं."

भाचा पोट धरून हसला आणि तोच घेऊन आला.

रविवारी दुपारी सगळं जोडून झालं. पंखे फिरले, दिवे लागले, पण स्क्रीन काळा तो काळाच. वायरी तीनदा काढून घातल्या. शेवटी त्याने दुकानात फोन केला. सगळं घेऊन या, पाचपर्यंत उघडं आहे, असं उत्तर आलं.

खापर फोडायला डोकं जवळच होतं. "तुझं ऐकलं हीच चूक. वय झालं की माणसाने बोलू नये." अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस फार लवकर लाल होतो. आत्याने मान खाली घातली.

खाली टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. कॉम्प्युटरचा जड डबा दोन्ही हातांत कवटाळून, खिशात यादी कोंबून भाचा दारात अडला.

"माझ्या गळ्यातली किल्ली काढ, दार उघड. मी गेलो की आतून लावून घे. जमेल ना?"

"बघते बाबा."

तिची बोटं थरथरत होती. किल्ली दोनदा चुकली. तो वैतागून जिना उतरला.

दुकानात त्याने यादी काउंटरवर आपटली आणि फसवणुकीबद्दल पाच मिनिटं ऐकवलं. दुकानदाराने डब्याला हातही लावला नाही. त्याने यादीच्या तळाशी, बारीक अक्षरातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. आठ कोअरच्या प्रोसेसरमध्ये स्क्रीनवर चित्र दाखवायची सोय नाही, वेगळं कार्ड घ्यावं लागेल.

"हे वाचलं नाहीत?" दुकानदाराने विचारलं. "तुमच्या घरी कुणीतरी वाचलंय की."

ओळीखाली निळ्या पेन्सिलीची रेघ होती, पट्टीने ओढल्यासारखी सरळ.

भाच्याचा हात गळ्याशी गेला.