बिनदोराच्या होड्या

मॅनेजर चित्राच्या इतका जवळ गेला की त्याच्या नाकाच्या शेंड्याला निळा रंग लागला.

होड्या कुठायत, असं त्याने विचारलं. होड्या समोरच होत्या. संथ पाण्यावर पाच, आणि सहावी लांब, उन्हात विरघळत चाललेली. पण त्या ब्रशच्या ढोबळ फटकाऱ्यांनी काढलेल्या. नाक लावून बघणाऱ्याला तिथे नुसते डागच दिसणार.

चित्र शिडांच्या कारखान्याच्या मालकिणीच्या सुनेने काढलेलं. तिने त्याला दहा पावलं मागे नेलं. आता दिसतात, हे त्याने कबूल केलं. पण सहलीच्या होड्या चालवणाऱ्या कंपनीच्या नव्या प्रतीक्षालयात हे भिंतभर लागणार, आणि शिडांना एक दोर नाही म्हणजे काय? लोक हसतील. आठवडाभरात दोर काढून द्या, लगेच नेतो, असं तो म्हणाला. दोर निघणार नाहीत, असं सुनेने सांगितलं. तिने ते इतक्या शांतपणे सांगितलं की मॅनेजरला आधी ते होकारासारखंच वाटलं.

कारखाना सासूचा होता. चाळीस वर्षं ती इथे शिडं शिवत होती. खिडकीखालचा कोपरा तिने सुनेला दिला, तोही मुलाने फारच गळ घातली म्हणून. तेव्हापासून दोन वर्षं टर्पेंटाइनच्या वासावरून घरात एक दिवस सरळ गेला नव्हता. गेल्या आठवड्यात तिने निकाल देऊन टाकला होता. हे चित्र विकलं गेलं तर कोपरा तुझा, नाही तर तिथे माझं कापायचं टेबल येईल. टेबलाचं मापसुद्धा घेऊन झालं होतं.

मॅनेजरला यातलं काही ठाऊक नव्हतं. कंपनीची सगळी शिडं इथूनच शिवून जात, एवढं त्याला माहीत होतं. तो थेट सासूकडे वळला.

"बाई, शिडांमधलं तुमच्याइतकं कुणाला कळतं? तुम्ही म्हणाल तसं."

सुनेने टेबलासाठी मापलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं, दुसरं काय!

सासूने सुई कापडात खोचली, तळहाताला बांधलेला चामड्याचा पट्टा सोडला आणि ती उठून आली. जवळ गेली नाही. मान कलती करून ती इतका वेळ बघत राहिली की मॅनेजरने दोनदा घड्याळ पाहिलं.

"वारा आत्ताच पडलाय," ती म्हणाली. "पाण्याला कळलंय, शिडांना अजून कळायचंय. पोटं बघा त्यांची, जराशी फुगलेलीच आहेत. पाच मिनिटांत लोंबतील."

"ते खरं, पण दोर?"

"इतक्या लांबून दोर दिसायला लागले, तर होडी अंगावर आली समजा. हवेच असतील तर माझ्याकडून न्या भेंडोळंभर."

मॅनेजर हसला. सोमवारी टेम्पो पाठवतो, तोवर वाळू द्या, असं सांगून तो निळ्या नाकाने निघून गेला.

सुनेला सासूला मिठी मारावीशी वाटली. पण तशी त्या घरात पद्धत नव्हती, आणि हात रंगाने भरलेले होते. तिने टेबलाचं काय, असं विचारलं. जिन्याखाली बसेल, असं म्हणत सासूने पुन्हा शीड मांडीवर ओढलं.

"दोन वर्षं तुला पाण्यात पाहिलं," सासू मान वर न करता म्हणाली. "तुझं पाणी आज पाहिलं."